टिटवाळ्यापर्यंत श्वास रोखा

पोटाचा एमआरआय काढायला आलेल्या माणसाला आमचे सर पहिला प्रश्न विचारायचे, "कुठपर्यंत जाता?"

माणूस म्हणायचा, "उल्हासनगर. चार नंबर."

"राहता कुठे ते नाही विचारलं. श्वास रोखून कुठपर्यंत जाता?"

मग तो माणूस माझ्याकडे बघायचा. मी काउंटरवर. मी मान हलवायची, म्हणजे घाबरू नका, हे टेक्निशियन आहेत, मशीन तेच चालवतात आणि ते वेडे नाहीत. शेवटच्या गोष्टीबद्दल मला स्वतःलाच पहिली दोन वर्षं खात्री नव्हती.

आमचं स्कॅन सेंटर कल्याण पश्चिमेला. खाली मशीन आणि माझं काउंटर, वरच्या मजल्यावर रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमची केबिन. सर गेल्या वर्षी रिटायर झाले. त्यांचं नाव सांगून काय करायचंय, सेंटरमध्ये त्यांना नावाने कधी कोणी हाक मारलीच नाही. त्यांनीही कोणाला मारली नाही. मी त्यांच्यासाठी "काउंटर". "ए काउंटर, गुडघ्याला बसव, कंबरेला पाणी दे, आणि तो खांदा मघापासून मोबाइलवर ओरडतोय त्याला बाहेर काढ." पेशंटला अवयवाच्या नावाने ओळखायची सवय सगळ्याच सेंटरमध्ये असते, पण आमच्याकडे ती फारच पुढे गेलेली. एकदा एका लग्नाच्या हॉलमध्ये सरांनी एका गृहस्थांना सगळ्यांदेखत "नमस्कार, प्रोस्टेट" म्हटलं होतं. मी शेजारी उभी होते, आई शप्पथ, मला वाटलं जमिनीने गिळावं.

तर ते श्वासाचं. पोटाचा फोटो काढताना पेशंटने श्वास सोडून साधारण वीस सेकंद तसंच थांबायचं असतं. हलला की फोटो गेला. मशीनच्या खोलीत घड्याळ नेता येत नाही, लोखंड म्हटलं की ते मशीन खेचून घेतं, म्हणून सरांनी मनगटावर कधी घड्याळ बांधलं नाही. सेकंद मोजायची त्यांची स्वतःची पद्धत होती. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, शहाड, आंबिवली, टिटवाळा. एका स्टेशनाला दोन सेकंद. टिटवाळा आलं की फोटो पूर्ण. बाहेरच्या बाकावर पेशंटला बसवून ते ही तालीम घ्यायचे, आणि टिटवाळ्यापर्यंत पोचल्याशिवाय कोणाला आत घ्यायचे नाहीत. "तुम्ही कोपरला उतरलात. परत ठाण्यापासून." "ठाकुर्लीला का उतरलात? ठाकुर्लीला कोण उतरतं?" यावर ठाकुर्लीच्या एका बाई चांगल्याच भडकलेल्या.

गंमत म्हणजे हा माणूस स्वतः कधी ट्रेनने आला नाही. राहायला ठाण्यात, खोपटला, एसटी डेपोच्या मागे. रोज एसटीने कल्याणला यायचे. का, तर डेपोतच चढलं की खिडकी मिळते आणि सराव करता येतो. कशेळीचा पूल सुरू झाला की सर श्वास रोखायचे, पूल संपला की सोडायचे. पुलावर ट्रॅफिक लागला की मात्र पंचाईत. त्या दिवशी सेंटरमध्ये येताना त्यांचा चेहरा जांभळा असायचा आणि ते म्हणायचे, "आज नाही जमलं. मध्ये टेम्पो आडवा होता."

कपडेही तसेच. चेन नको, हूक नको, बकल नको, म्हणून ते नाडीची पँट घालायचे. बायकोने शिवलेली, खाकी. खिशात एक कापडी पिशवी आणि एसटीचा पास, बस्स.

तालीम एकट्या पेशंटची कधीच राहायची नाही. बाकावर बसलेले नातेवाईकही श्वास रोखायला लागायचे, मग गुडघेवाले, मग कंबरवाले. आमच्या वेटिंगमध्ये दुपारी बाराला दहा-बारा माणसं गाल फुगवून बसलेली असायची आणि मध्ये सर हळूहळू स्टेशनं म्हणत फिरत असायचे. कुरिअरवाला दारातूनच पाकीट टाकून पळायचा. एकदा एक जावई सासऱ्याशी चुरस लावून बसला. सासरे दिव्याला दमले, जावई इरेला पेटून आंबिवलीपर्यंत गेला आणि बाकावरून धाडकन खाली. त्याचा खांदा निखळला. सर म्हणाले, "काउंटर, याला खांद्यात घे."

रेकॉर्ड मोडला तो रेतीबंदरच्या एका आजोबांनी. जुने रेतीवाले, तरुणपणी खाडीत बुडी मारून टोपलीने रेती वर काढायचे. त्यांना बाकावर बसवलं, सरांनी ठाणे म्हटलं. टिटवाळा आलं, आजोबा शांत. सर म्हणाले, खडवली. वासिंद. आसनगाव. अख्खं वेटिंग उभं राहिलेलं. खर्डी झालं, कसारा झालं, आणि सरांची स्टेशनं संपली. आजोबांनी डोळे उघडले, श्वास तसाच, आणि हाताने विचारलं, अजून जाऊ का? सरांनी त्यांचे पाय धरले. खरोखर धरले, मी बघितलंय. "आजोबा, तुमच्यासारखं लिव्हर माझ्या टेबलावर आलेलं नाही," म्हणाले. आजोबा म्हणाले, "काडला का फोटू?"

आमच्या मालकांना हे सगळं पसंत नव्हतं. बरोबरच आहे त्यांचं, एका पोटाच्या वेळात दुसरीकडे दोन पोटं निघत होती. नव्या मशीनमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज होता, एक बाई इंग्रजीत ब्रीद इन, ब्रीद आऊट, होल्ड म्हणायची. मालक म्हणाले, आता हिलाच बोलू द्या. सरांनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी तिला बंद केलं. मालकांनी विचारलं, का? "तिला समोर सत्तर वर्षांची म्हातारी आहे की पंचवीसचा पोरगा, ते दिसत नाही. आणि ती कधीच दमत नाही. न दमणाऱ्या माणसाचं ऐकून श्वास रोखता येत नाही," सर म्हणाले. वरच्या मॅडम सरांच्या बाजूने होत्या. सरांनी काढलेले फोटो कधी हललेले नसत, आणि वाचायचे त्यांनाच होते.

आता लिव्हरचं सांगते, कारण पुढे लागणार आहे. मला ते सरांनीच समजावलेलं, काउंटरच्या पाठीमागे, चहा पिताना. म्हणाले, "डोंबिवलीत राहिलीयस कधी? पाण्याचं बघितलंयस?"

म्हटलं, "मोहन्यात पण तेच हो."

"मग ऐक. लिव्हरला दोन नळ. एक आतड्यांकडून येतो, मोठा, संथ. अख्खं लिव्हर त्याच्यावर जगतं. दुसरी ती मेन लाइन, थेट हृदयाकडून. बारीक, पण प्रेशर जबरदस्त. आता एखादा चोर काय करतो? सगळे बिचारे नळाखाली बादली लावून बसलेत, हा थेट मेन लाइनला मोटर लावतो. पाणी सुटलं रे सुटलं की पहिली टाकी याची भरते. बाकीच्यांच्या बादल्या कोरड्या. थोड्या वेळाने सगळ्यांच्या बादल्या भरतात, तोवर याची टाकी रिकामी. म्हणून आपण शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध सोडतो. ते औषध म्हणजे पाणी. सुटल्या सुटल्या पहिला फोटो, मग मिनिटाभराने दुसरा, मग तिसरा, मग पाच मिनिटांनी चौथा. पहिल्या फोटोत जो एकटाच चमकला आणि नंतर काळा पडला, तो चोर."

"चोर म्हणजे कॅन्सर?"

"मी चोर म्हटलं. नाव मॅडम ठेवतात." चहा संपवून म्हणाले, "आणि साधी रक्तवाहिन्यांची गाठ असेल तर ती कडेने सावकाश भरते, शेवटपर्यंत भरलेलीच राहते. ती शेजारीण आहे. तिला काही करायचं नसतं. पण हे ओळखायचं तर पहिला फोटो स्वच्छ हवा, आणि तो एकदाच मिळतो. औषध आत गेलं की परत बोलावता येत नाही. तेवढ्यात पेशंटने श्वास घेतला की चोर गेला."

त्यांच्या त्या स्टेशनांमागे एवढं होतं. त्यानंतर मी त्यांना मनातल्या मनातसुद्धा वेडा म्हटलं नाही. तोंडावर कधीकधी म्हटलं.

दुसरा त्यांचा हट्ट चेहऱ्याचा. मशीनवरचा माणूस सगळ्यात आधी बघतो, आणि नातेवाईक दारात टपलेले असतात, त्याच्या तोंडाकडे बघत. सर बाहेर आले की सगळ्यांना एकच वाक्य, "फोटो काढला. वाचणारे वेगळे." मेंदूत गाठ असो नाहीतर काहीच नसो, तेच वाक्य, तोच चेहरा. बायका रडायच्या, पुरुष नोटा पुढे करायचे, एका नगरसेवकाने फोन लावून दिलेला. सरांचं आपलं तेच. त्यांना त्याचा फार अभिमान. "माझ्या तोंडावरून नाही, माझ्या आवाजावरूनसुद्धा आजवर कोणाला काही कळलेलं नाही," म्हणायचे. "पेशंटच्या कानात मी असतो. माझा आवाज हलला की तो हलला."

मग माझे बाबा आले.

बाबा मोहन्याच्या कंपनीत होते, कंपनी बंद पडल्यावर घरीच. पोटात गॅस धरतो म्हणून शहाडला डॉक्टरकडे गेलेले. सोनोग्राफीत लिव्हरवर एक डाग निघाला आणि रक्तात ती बी वाली कावीळ निघाली. कधी झालेली, कशाने झालेली, काही पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, कित्येक वर्षं आत असेल, तुम्हाला कळलंही नसेल. डाग साधाही असेल, वाईटही असेल, सोनोग्राफीत सांगता येत नाही, कॉन्ट्रास्ट एमआरआय करा.

बाबांना डागापेक्षा लिव्हरचा जास्त राग आलेला. या माणसाने आयुष्यात दारू सोडा, सोडावॉटर प्यायलेलं नाही. आमच्या चाळीत एक काका आहेत, रोज संध्याकाळी बसतात, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत थरथरतात, त्यांचं लिव्हर ठणठणीत. ते बाबांना भेटायला आले, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच म्हणाले, "भाऊ, तुम्ही पण? इतकी वर्षं शेजारी राहून कधी कळू दिलं नाहीत हां." बाबांनी त्यांना चहासुद्धा दिला नाही.

मी मात्र रात्रंदिवस एकच जप करत होते, शेजारीण निघू दे, शेजारीण निघू दे. आईला काही सांगितलं नव्हतं. ती नुसती विचारायची, "तुमच्याच सेंटरला आहे ना, मग काय घाबरायचं?"

सेंटरला आलो. बाबा पांढरा शर्ट इस्त्री करून घालून आलेले, विहारात जायचा तो. सर बाकापाशी आले. "हं. कुठपर्यंत जाता?"

मी बाबांना घरून शिकवून आणलेलं. पण बाबा म्हणाले, "मी श्वास रोखत नाही."

"म्हणजे?"

"मी विपश्यना करतो. वीस वर्षं झाली. श्वास जसा आहे तसा बघायचा. आला, बघितला. गेला, बघितला. त्याला हात लावायचा नाही. रोखणं म्हणजे जबरदस्ती झाली."

सर म्हणाले, "इथे बघायचं काम माझं आहे. तुमचं काम रोखायचं."

"मग तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याचंच बघत राहणार," बाबा म्हणाले.

झालं! मी कपाळावर हात मारला. कंबरवाले, गुडघेवाले, सगळे सरसावून बसले. सरांनी तरी तालीम घेतली. बाबांनी प्रयत्नही केला असेल, पण वीस वर्षांची सवय. मुंब्र्याला श्वास आपोआप सुटायचा आणि बाबा समाधानाने म्हणायचे, "आला बघा." पाच वेळा मुंब्रा. सहाव्यांदा कळवा.

"मी फोटो काढत नाही," सर म्हणाले. "काउंटर, या लिव्हरला घरी पाठव."

माझं डोकंच सटकलं. "लिव्हर काय लिव्हर? बाप आहे तो माझा! सकाळपासून उपाशी ठेवलंय मी त्यांना!"

"म्हणूनच पाठवतोय. औषध सोडलं आणि हे श्वास बघत बसले, तर मी काय बघू? मॅडम लिहितील, स्पष्ट दिसत नाही. मग महिनाभर ते 'स्पष्ट नाही' उशाला घेऊन झोपशील? झोप येईल तुला?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. काही सांगायचं असलं की मी चिठ्ठी लिहून पाठवायचे. त्यांनी चिठ्ठ्यांच्या मागे उत्तरं लिहून परत पाठवली, वर शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून.

रविवारी सकाळी मी दारात कपडे वाळत घालत होते. समोर रिक्षा थांबली आणि खाकी नाडीची पँट उतरली. हातात डझनभर केळी. खोपटहून एसटीने कल्याण, तिथून रिक्षा करून मोहने. "जय भीम," बाबांना म्हणाले, जरा अवघडून. मग चप्पल काढून थेट जमिनीवर बसले. "मला शिकवा."

"काय?"

"तुम्ही श्वास कसा बघता ते."

बाबांचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! चाळीत दहा वर्षं ते लोकांच्या मागे लागलेले, या, बसा, शिकवतो. एक माणूस बसला नव्हता. दारूवाले काका एकदा बसले ते पाच मिनिटांत घोरायला लागले. बाबांनी लगेच पंखा बंद केला, टीव्ही बंद केला, आईला कुकर बंद करायला लावला. दोघं समोरासमोर, डोळे मिटून. बाबा सांगत होते, "नाकाच्या टोकाशी. नुसतं बघा." अर्धा तास झाला. तास झाला. सरांची मान खाली गेलेली. आई स्वयंपाकघरातून डोकावून मला म्हणाली, "झोपले वाटतं गं."

झोपले नव्हते. डोळे किलकिले करून बाबांच्या पोटाकडे बघत होते, ते माझ्या नंतर लक्षात आलं. विद्यार्थी कसला, हेर!

"सापडलं," सर एकदम म्हणाले. "साहेब, तुमचा श्वास जातो. मग पुढचा यायच्या आधी मध्ये एक जागा असते. खूप शांत असता तुम्ही तिथे. तिथे काय बघता?"

बाबांनी विचार केला. "काही नाही. तिथे काही नसतंच."

"मग ते जे नसतं, ते बघत राहाल? मी सांगेपर्यंत?"

बाबांनी विचारलं, "जबरदस्ती नाही ना?"

"माझ्याकडून नाही."

"मग बघतो."

सर म्हणाले, श्वास घ्या. सोडा. आता नाहीये, ते बघा. ठाणे. कळवा. मुंब्रा गेलं. दिवा गेलं. मी दोरीला लटकून उभी. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. शहाड. आंबिवली आलं तेव्हा बाबांची पापणी जरा हलली, आमचं स्टेशन ना. पण उतरले नाहीत. टिटवाळा! आईनेही एकदा करून बघितलं, ती दिव्यालाच थांबली, कारण तिला विचारायचं होतं की सर पोहे घेणार का. सरांनी दोन प्लेट पोहे खाल्ले आणि जाताना बाबांना म्हणाले, "बुधवारी या. उपाशी."

बुधवारी बाबांच्या अंगावरचं लोखंड काढायलाच पंधरा मिनिटं गेली. बनियनला सेफ्टी पिन, खिशात किल्ल्या, नखं काढायचं यंत्र, एक स्क्रू. स्क्रू कशाला, तर असावा. मग सर म्हणाले, "काउंटर, लिव्..." आणि थांबले. "बाबांना आत घे." मी त्यांना टेबलापर्यंत नेलं, कानाला हेडफोन लावला. मशीन चालवायच्या कन्सोलच्या खोलीत सरांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, तर सर म्हणाले, "बाहेर."

"मी स्टाफ आहे."

"आज नातेवाईक आहेस. स्क्रीन बघशील, तुझं तोंड फुटेल. बाहेर."

मी काउंटरवर येऊन बसले. दाराला फट आहे, सरांचा आवाज बारीक येतो. औषध सोडल्याचं कळलं, कारण पंप वाजतो. मग आवाज आला, श्वास घ्या, सोडा, नाहीये ते बघा. ठाणे. मी पण श्वास रोखला. तेवढ्यात समोर एक काकू येऊन उभ्या. "अगं, गुडघ्याला किती वेळ लागेल?" मी हात वर केला. थांबा. "नाही, पण जेवून आलेय मी, चालतं ना?" मी दोन्ही हात वर केले. डोळे बाहेर आलेले. डोंबिवली. काकू ओरडल्या, "अहो, हिला काहीतरी होतंय! पाणी द्या हिला!" कोणीतरी माझ्या तोंडावर खरंच पाणी मारलं. शहाड. मी श्वास सोडला नाही. टिटवाळ्याला सोडला, आणि काकूंना म्हटलं, "अर्धा तास. जेवण चालतं."

एकदा नाही, चार वेळा. मधल्या वेळात मला माझ्या बापाचं सगळं आठवायला लागलं, आणि मी दर वेळी ते ढकलून दिलं. नको, आत्ता नको.

सर बाहेर आले. मी उभी राहिले. तोच चेहरा. मला, मला, रोज त्यांचा चहा सांगणाऱ्या बाईला म्हणाले, "फोटो काढला. वाचणारे वेगळे."

हातातला स्टेपलर मी फेकणार होते. पण ते माझ्यासमोरून जिन्याकडे गेले आणि वर चढायला लागले. माझ्या नऊ वर्षांच्या नोकरीत सर कधी वर मॅडमच्या केबिनला गेलेले नाहीत. काही असलं की फोन करायचे. वर गेलेला माणूस चेहरा सांभाळतो आणि पाय विसरतो.

संध्याकाळी मॅडमनी बोलावून सांगितलं. चोर. चौदा मिलिमीटर, एकच, कडेला. "लहान आहे," त्या परत परत म्हणत होत्या, "हे बघ, खूप लहान आहे, काढता येतो." मी हो हो म्हणत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. खाली उतरले तर सर कन्सोलवर एकटे. मी जाऊन त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून ढसाढसा रडले. ते स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, "मोटर छोटी आहे. लाइन तोडता येईल."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच फोटोत."

"मग पुढचे फोटो?"

"पुढचे तीन बाकी होते ना. ते काढले." मग जरासे ताठ झाले. "आवाज तोच ठेवला. तुझ्या बाबांना शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही."

मुंबईच्या सर्जननी फोटो उजेडावर धरले आणि विचारलं, हे कल्याणला काढलेत? कोणी? असे हलले नाहीत तर आम्हाला एवढा बारीक दिसतो, नाहीतर तो मोठा होऊनच भेटायला येतो. ऑपरेशन झालं. लिव्हरचा एक तुकडा गेला, बाकीचं आहे, आणि डॉक्टर म्हणतात ते परत भरून येतं. काविळीची गोळी रोज चालू. दर तीन महिन्यांनी फोटो, आतापर्यंत सगळे स्वच्छ. सर होते तोवर दर वेळी बाबा आणि सरांचं बाकावर भांडण, श्वास कोणाचा म्हणून. माझा त्या माणसावर इतका जीव जडला की सांगता येत नाही, आणि सांगायला गेले असते तर त्यांनी मला गुडघ्यात पाठवलं असतं. निरोपाच्या दिवशी मालकांनी शाल दिली, सर दोन शब्द बोलले. त्यातला एक असा, की माझ्या आवाजावरून आजवर कोणाला काही कळलेलं नाही. आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या.

कारण ऑपरेशन होऊन दोनेक महिने झाले असतील, बाबा घरी गादीवर पडलेले, मी त्यांना पेज भरवत होते. सहज म्हटलं, "सर किती ग्रेट आहेत ना बाबा. तुम्हाला कळूसुद्धा दिलं नाही."

"मला टेबलावरच कळलेलं," बाबा म्हणाले.

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"पहिल्या खेपेला नीट गेले ते टिटवाळ्यापर्यंत. दुसऱ्या खेपेला 'श्वास घ्या' म्हणाले, 'सोडा' म्हणाले, आणि त्यांचा स्वतःचाच अडकला. एवढासा. कानाला लावलेलं ते, त्याच्यात सगळं ऐकू येतं. वीस वर्षं मी दुसरं काय बघितलंय? म्हटलं, यांना काहीतरी दिसलं."

"मग? घाबरला नाहीत?"

"घाबरलो ना. लय घाबरलो. काही त्रास झाला तर दाबायला हातात तो रबरी फुगा दिलेला, वाटलं दाबावा आणि बाहेर यावं, तुझ्या आईकडे जावं."

"मग दाबला का नाहीत?"

"कसा दाबणार? अजून तीन फोटो व्हायचे होते," बाबा म्हणाले. "माणूस एवढ्या लांबून घरी आला, तासभर माझ्यासमोर बसला. त्याचे फोटो बिघडवू?" मग म्हणाले, "जे नव्हतं ते बघत पडून राहिलो."

सरांना मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते एसटीच्या वेळापत्रकाशिवाय छापलेलं काही वाचत नाहीत, म्हणून इथे लिहायची हिंमत केली.